मूळगाठ

गेल्या दिवाळीनंतर, नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, वडशाच्या नाटकवाल्यांनी एक छोटा कार्यक्रम केला. टेबलावर गिरजाबाईचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, पुढे नारळ. एक वक्ता उठून म्हणाला की जन्मभर झाडीपट्टीतल्या नट्यांच्या वेण्या घालणाऱ्या या बाईच्या हातची एकही वेणी कधी स्टेजवर सुटली नाही. टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे हात करून तो म्हणाला, "त्यांच्या शिष्या सुनंदाबाई इथं बसल्या आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावे."

मी उठले, उदबत्ती लावली आणि जागेवर येऊन बसले. लोकांना वाटलं, माझा गळा दाटून आला. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. गळा वगैरे काही दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर त्या हाराचा मान राहिला नसता, म्हणून गप्प बसले.

तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. मी तिची शिष्या नाही. वडशात माझं दुकान आहे. नाटकाचे कपडे, दागिने, टोप आणि वेणीत गुंफायच्या परक्या केसांची गंगावनं मी भाड्याने देते. कॉलेजातल्या पोरी रंगीत केस मागायला येतात. मोबाइलवर बघून आलेल्या असतात, एक्स्टेन्शन म्हणतात. आपल्या केसांत ते गुंफून आपली वेणी आपणच कशी घालायची, ते शिकवा म्हणतात. मी शिकवते. आधी ठरवून घेते, आणि ठरलं तेवढं पूर्ण शिकवते. हा 'पूर्ण' शब्द मला गिरजाबाईने शिकवला, तो न पाळून.

गिरजाबाई उंच आणि हाडापेराने मोठी होती. अंबाड्यात लाकडी फणी खोचलेली, कमरेला काळ्या दोऱ्याचं रीळ, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. खर्रा आणि दोरा दोन्ही एकाच तोंडात. वेणी घालताना दोऱ्याचं टोक ती दातांत धरायची, त्यामुळे तिचं बोलणं अर्धवट दातांतून यायचं. पण लागायचं मात्र पूर्ण. मूळची एका धानवाल्या कुणबी घरातली. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. तरुणपणी नाटकात दोन-चार कामं केली आणि मग स्टेज सोडून पडद्यामागे बसली ती कायमची. आमच्याकडे बाईमाणसाला अहो-जाहो फार होत नाही, नावापुढे 'बाई' लागलं की मान मिळाला. नाटक कंपनीचा मालकही तिला बाईच म्हणायचा आणि तिच्यापुढे बसायच्या आधी टोपी काढायचा.

माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. ती माणूस पाठीमागून ओळखायची. मी पहिल्यांदा कंपनीच्या खोलीत गेले तेव्हा मी विशीची होते. आदल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला होता आणि केस मुठी-मुठीने गेले होते. नाचात उभं राहायचं काम मिळत होतं, पण वेणी हवी होती. मी दारात उभी राहून सांगायला लागले, तर तिने बोट फिरवून मला पाठ करायला लावली.

"उंदराची शेपटी आहे," ती म्हणाली. "कुठची तू?"

मी गाव सांगितलं. वैनगंगेच्या काठचं. बाप ढिवर, मासे धरतो, तेही सांगितलं.

"म्हणूनच. हाताले मासोळीचा वास येते. धुऊन ये, मंग केसाले हात लावजो."

मी हात धुऊन आले. राग गिळून आले, कारण मला ते काम हवं होतं. त्या दिवसापासून तिने मला सुनंदा म्हटलं नाही. मासोळे म्हणायची.

सौदा मी घातला. मी लहानपणापासून बाजारात बसलेली. आईशेजारी टोपलीवर बसून, ओल्या गोणपाटाखाली मासे झाकत, कोण किती घासाघीस करणार ते चालीवरून ओळखायला शिकले होते. गिरजाबाईला काय नको असतं ते मी आठ दिवस पाहिलं. तिला गंगावनं धुवायचा कंटाळा होता. कंपनीचे सगळे परके केस, घामाने, पावडरने आणि धुळीने चिकटलेले, प्रयोग झाला की धुऊन, विंचरून, सावलीत वाळवायचे असत. एका गंगावनाचा गुंता सोडवायला कधीकधी अर्धी सकाळ जायची.

मी म्हटलं, "बाई, होळीपर्यंत सगळे केस मी धुतो. तुमी मले वेणी शिकवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मूळगाठीसकट."

मूळगाठ म्हणजे गंगावनाचा वरचा फास आपल्या केसांच्या मुळाशी जिथे बांधतात ती गाठ. बाकीची वेणी कोणालाही येते. साधी मूळगाठही येते, घरच्या वेणीला ती पुरते. गिरजाबाईची गाठ वेगळी होती. आमच्या नाटकांत खलनायक बाईला वेणी धरून ओढतो. तो प्रसंग नसेल तर लोकांना तिकीट फुकट गेल्यासारखं वाटतं. ओढाओढीत गंगावन खलनायकाच्या हातात आलं की करुण प्रसंगाची फजिती होते. गिरजाबाईची गाठ असली की तो हवं तेवढं ओढू शकत होता.

तिने खर्रा या गालातून त्या गालात नेला. "दुसऱ्याची वेणी मी कोणाले शिकवत नाई. आपली आपण घालाची असंन त शिकवतो."

"आपलीच. पण गाठीसकट."

"होळीले," ती म्हणाली. "गाठ होळीले."

मी तिथेच हातावर हात मारून घेतला. सौदा पक्का केल्याशिवाय मी कधी टोपली उचलली नाही.

शिकवण्याची तिची रीत तिचीच होती. पहिल्या दिवशी तिने खोलीतला आरसा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. "आरशात पाह्यलं का हात उलटा जाते. हाताले डोये आहेत, त्याइले पाहू दे." मग मला भिंतीला नाक लावून उभं केलं. कोपर वर, दोन्ही हात मानेमागे. वेणी खांद्यावरून पुढे घेतली की फणीचा फटका बसायचा, कारण पुढे घेतलेली वेणी मुळात वाकडी होते. दहा मिनिटांत दंडांत मुंग्या यायच्या. हात खाली आणले की पुन्हा पहिल्यापासून.

केसांना तेल नाही. तेलावर परका केस टिकत नाही, सरकतो. जवस उकळून त्याचं चिकट पाणी गाळायचं, ते बोटांना लावायचं, म्हणजे केस बोटाला आणि केसाला केस धरून राहतो. मग तीन पेड. प्रत्येक पेडात थोडे आपले, बाकी गंगावनाचे. आणि आपले नेहमी आत.

"आपला केस आत, लोकाचा वर," ती म्हणायची. "आपला उघडा पडला का समजलं सगळ्याइले."

"काय समजलं?"

"का आपला किती आहे ते."

महिन्याभरात मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, बोलत बोलत वेणी घालू लागले. दोन महिन्यांत ती सरळ यायला लागली. केस धुणं चालूच होतं. डिसेंबरच्या सकाळी हौदाचं पाणी असं असायचं की बोटं माझी आहेत की नाहीत ते कळत नसे. जाणाऱ्या-येणाऱ्या नट्या म्हणायच्या, सुनंदा, बाईने तुला बरं धरलंय. मी म्हणायचे, होळी येऊ द्या.

गाठ मात्र दिसत नव्हती. बाकी सगळं ती माझ्यादेखत करायची, पण मूळगाठीची वेळ आली की पदर डोक्यावरून पुढे ओढायची, बाईच्या मानेवर पार वाकायची आणि सगळा प्रकार पदराआड चालायचा. मी डावीकडे सरकले की तीही डावीकडे वळायची. माझ्या नाचासाठी ती मला गाठ बांधून द्यायची तेव्हा तिचा श्वास आणि खर्ऱ्याचा वास मानेवर यायचा. मला वाटायचं, नजर कमी झाली आहे, म्हणून इतकं जवळून बघते.

त्या गाठीची परीक्षा मी एकदा पाहिली. नामदेवभाऊ नावाचे खलनायक करणारे नट होते. दिसायला राक्षस, बोलायला गाय. नवी नायिका ओढायला त्यांचा हात धजेना. गिरजाबाई तालमीत उठली. स्वतःच्या अंबाड्याला दुसऱ्या एका नटीकडून साध्या गाठीने गंगावन बांधून घेतलं आणि म्हणाली, "हे साधी गाठ आहे. वढा." नामदेवभाऊंनी ओढलं, गंगावन हातात आलं. मग तिने त्या नटीलाच पाठमोरी बसवलं, पदराआड आपली गाठ बांधली आणि म्हणाली, "आता मनगटाले दोन येढे घ्या आन वढा." त्यांनी वेणीचे मनगटाला दोन वेढे घेतले आणि ओढलं. नटी सतरंजीसकट दोन हात सरकली. वेणी जागची हलली नाही.

नटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गिरजाबाई तिला म्हणाली, "रडू नको. मान तुही आहे, गाठ माही आहे. दोनी शाबूत आहेत."

तेव्हा माझ्या मनात यायला हवं होतं की तिने आपल्या डोक्यावर ती गाठ का दाखवली नाही. आलं नाही. मी बाजारात वाढलेली पोरगी, पण वजनकाट्याकडे बघत राहिले आणि टोपलीच्या तळाशी काय आहे ते बघितलं नाही.

महाशिवरात्रीला कंपनीला दोन दिवस सुट्टी होती. ती मला मार्कंड्याच्या जत्रेला घेऊन गेली. दर्शनाची रांग नदीच्या वाळूपासून देवळापर्यंत लागलेली. आम्ही रांगेत उभ्या होतो आणि समोर नुसत्या पाठी. तिला यापेक्षा मोठी करमणूक नव्हती.

"हिनं घाईत घातली. घरी भांडण झालं. ... हिची सासूनं घातली, पाह्य कशी आवळली. ... ते निळीवाली, तिची तिनंच घातली, एकटी राह्यते."

"तुमाले कसं समजते?"

"एकटीची वेणी उजव्या अंगाले जाते. शेवटी हात दमते, सांगाले कोणी नसते."

आमच्यापुढे पाच-सहा माणसं सोडून एक बाई होती. भारी साडी, सोबत नवरा आणि त्याची माणसं, पाठीवर दाट वेणी. गिरजाबाईचे डोळे बारीक झाले. "अर्धी परकी आहे," ती पुटपुटली. "आन सुटून राह्यली."

खरंच मुळाशी फास खाली सरकला होता. अजून चार पावलं आणि ती वेणी सगळ्या सासरच्यांसमोर वाळूत पडली असती. गिरजाबाई लोकांना धक्के देत पुढे घुसली. शिव्या खाल्ल्या. त्या बाईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि रांगेच्या रेटारेटीतच, आपल्या अंबाड्यातला आकडा काढून, तिचा फास मुळाशी खोचून टाकला. त्या बाईने मागे वळून तिच्याकडे रागाने बघितलं. तिला वाटलं, म्हातारी गळ्यातलं ओढते आहे. नवराही खेकसला. गिरजाबाई परत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"सांगाचं होतं ना," मी म्हटलं.

"सांगतलं असतं त राखून काय उपेग?"

हे मी लिहिते कारण ते घडलं. तिला दुसऱ्याची लाज राखता येत होती, आणि शिव्या खाऊन राखता येत होती. म्हणून माझ्या वेळी तिला ते सुचलं नाही असं कोणी मला सांगू नये.

जत्रेहून आल्यावर ती बदलली. पदर तोंडावर धरून बोलायला लागली. खर्रा सुटला. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची आणि भात पाण्यात कालवून घ्यायची. मला वाटलं, होळी जवळ आली, गाठ द्यायची वेळ आली, म्हणून माझ्यावर फुगली आहे. देणं जिवावर आलेलं माणूस असंच तोंड लपवतं, हे मी बाजारात पुष्कळ पाहिलं होतं.

होळीच्या रात्रीच्या शेवटच्या प्रयोगाला दुसरी नायिका करणारी बाई आजारी पडली. मालकाने मला विचारलं. भाषणं मला सगळी पाठ होती. दुसऱ्या नायिकेला शेवटच्या अंकात नामदेवभाऊ वेणी धरून ओढत नेतात. हे काम नीट झालं की पुढच्या हंगामाला नाचातून बाहेर, पोस्टरवर नाव. मालकाने तसं तोंडाने सांगितलं होतं. मी गावाला निरोप पाठवला. बाप आणि भाऊ ट्रॅक्टरवर बसून नाटक बघायला आले.

तोंडाला रंग लावायच्या वेळी मी गिरजाबाईपुढे पाठ करून बसले. वेणीचे सगळे पेड मीच विभागून ठेवले होते, जवसाचं पाणी लावलं होतं. तिने फक्त गाठ बांधायची होती. ती बसून राहिली.

"बाई, बांधा."

"तू बांध. आपली आपण."

"गाठ कुठी शिकवली तुमी?"

"साधी बांध. घट बांध."

"साधी सुटते. तुमीच दाखवलं. आज होळीचा सौदा आहे, बाई. आज त्याचा दिवस आहे."

पदराआडून ती म्हणाली, "मी नाई बांधत." बस. कारण नाही, राग नाही, काही नाही. मी तिची लाकडी फणी भिंतीवर फेकून मारली. तिचा एक दात तुटला, फणीचा. गिरजाबाईने ती उचलून पुन्हा अंबाड्यात खोचली आणि बाहेर निघून गेली. मग मी स्वतःच साधी गाठ बांधली, वर दुसरी, तिच्यावर तिसरी.

आमची नाटकं उजाडेपर्यंत चालतात. शेवटचा अंक आला तेव्हा मंडपात निळसर उजेड यायला लागला होता. लोक घोंगड्या पांघरून बसले होते. मला बाप दिसत होता. नामदेवभाऊंनी मनगटाला वेढे घेतले आणि मला ओढलं. मी किंचाळत फरफटत जायचं होतं. मी किंचाळले आणि जागच्या जागीच राहिले. नामदेवभाऊ एकटेच पुढे गेले. त्यांच्या मनगटाला पाठभर केस लोंबत होते आणि माझ्या मानेवर माझी उंदराची शेपटी.

हसणं कुठून सुरू झालं ते कळलं नाही, पण ते मंडपाच्या शेवटापर्यंत पोचलं. शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या पोरांचे मोबाइल वर होते.

विंगेत आले तेव्हा मालक उभा होता. गिरजाबाईही होती. नामदेवभाऊंच्या हातातून तिने गंगावन घेतलं, फास उलटा करून पाहिला आणि मालकाला म्हणाली, "माह्या हातची गाठ नोहोय."

इतकंच. माझ्याकडे बघितलंही नाही. मालकाने मान हलवली. तिची जन्मभराची पाटी कोरी राहिली, आणि माझी तिथेच पुसली गेली. त्या रांगेतल्या अनोळखी बाईसाठी तिने नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. माझ्यासाठी तिला एवढं म्हणता आलं नाही की माझ्याकडून राहिलं.

तो मोबाइलवरचा तुकडा वडशापासून आरमोरीपर्यंत फिरला. बाजारात पोरं मला गंगावन म्हणून हाक मारायची. बाप मला न घेता एकटाच बाजाराला जायला लागला, तेच जास्त लागलं. तो पावसाळा मी घरीच काढला. बाप ओसरीवर जाळं विणत बसायचा. बांबूच्या सुईत दोरा, डोळे दुसरीकडे, बोटं गाठीमागून गाठ मारत जायची. एकदा मी तीच गाठ बोटांत धरून बसले. पाण्यात भिजून ती ढिली होत नाही, उलट जितका जोर लागेल तितकी आवळत जाते. आणि ती मारायला डोळे लागत नाहीत.

मी मुळाशी आपल्याच केसांची करंगळीएवढी बारीक वेणी घातली, गंगावनाचा फास तिच्यातून ओवला आणि जाळ्याची गाठ मारली. हात मानेमागे, नाक भिंतीला. शंभरदा सुटली. मग सुटेनाशी झाली.

दिवाळीनंतर वडशात परत गेले आणि कंपन्यांच्या ऑफिसांसमोर, भर रस्त्यावर, नामदेवभाऊंना गाठलं. वेणी त्यांच्या हातात दिली. "मनगटाले दोन येढे घ्या आन वढा, भाऊ."

"पोरी, काऊन मले पाप लावते?"

"वढा म्हणलं ना."

त्यांनी ओढलं. मी गुडघ्यावर आले, ढोपर फुटलं. वेणी राहिली. रस्त्यावर पन्नास माणसं बघत होती. त्या हंगामात दोन कंपन्यांची वेण्या घालायची कामं मला मिळाली, पुढच्या हंगामात गिरजाबाईच्या कंपनीचंही. मी मागायला गेले नव्हते असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले होते. मालकाला मी सांगितलं की बाई आता म्हाताऱ्या झाल्या. खोटं नव्हतं. गिरजाबाई वडसा सोडून पुतण्याच्या गावी गेली. जाताना मी नुकत्याच काढलेल्या दुकानावरून गेली आणि आत बघितलं नाही.

तिला मी शेवटची पाहिली ती वारण्याच्या वर्षभर आधी. मी दया म्हणून गेले नव्हते. इतकी वर्षं झाली तरी तो सौदा माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हटलं, मरायच्या आत गाठ मागून घ्यावी. मला त्या गाठीची गरज उरली नव्हती, पण ती माझी होती.

ती अंगणात बाजेवर बसली होती. केस पुतण्याच्या बायकोने कापून मानेपर्यंत आणले होते. तिने मला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. मी पाठ केली, तेव्हा म्हणाली, "मासोळे."

मी बसले नाही. "बाई, माही गाठ राह्यली तुमच्याकडं."

ती हसली, आणि तेव्हा मी पाहिलं. तोंडात समोर एकही दात नव्हता. वरचे नाहीत, खालचे नाहीत.

"गाठ इथी होती," तिने हिरडीला बोट लावलं. "दाताची होती ते. दोर दातात धरून, मान तिकडं, हात इकडं, तवा बसे. खर्ऱ्यानं हालले होते. मार्कंड्याहून आलो आन दोन दिसात समोरचे गेले."

मला पदर आठवला. मानेवरचा श्वास आठवला. पाण्यात कालवलेला भात आठवला. आणि मग एका क्षणात सगळा हिशेब उलटा लागला.

"म्हणजे आपल्या डोक्यावर ते गाठ होतच नाई."

"कशी होईन? आपले दात आपल्या मानेले पोचते का?"

"तुमाले पहिल्या दिवशी ठाऊक होतं."

"हो."

"मंग सौदा काऊन केला? सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त धुतलेस असते का एवढे केस?" ती म्हणाली, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "तुह्यासारखे केस कोणी धुतले नाई, मासोळे. एक गुंता राहे नाई."

"आन त्या दिशी? मालकाले सांगता आलं असतं का माहे दात गेले म्हणून."

त्यावर तिने पदर तोंडावर ओढला. मग म्हणाली, "मले कोणं ठेवलं असतं मंग?"

हे खरं होतं. मी पुढच्याच वर्षी तिला कोणी ठेवणार नाही याची व्यवस्था केली होती. पण ते तेव्हा मला बोलायचं नव्हतं, तिनेही काढलं नाही.

"पाठ कर," ती म्हणाली.

मी का केली ते मला अजून सांगता येत नाही. तिने माझी वेणी धरली, मनगटाला दोन वेढे घेतले आणि बाजेवरून मागे रेलत सगळं अंग टाकून ओढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी पाय रोवून उभी राहिले. मग तिची बोटं मुळाशी आली, जवसाचा चिकटपणा चाचपला, फासाखालची बारीक वेणी चाचपली, गाठीवर थांबली, तिच्याभोवती हळूहळू फिरली.

"जाळ्याची आहे," ती म्हणाली.

"हो."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कोण व्हय, आत्याबाई? तुमची शिष्य का?"

"नाई," गिरजाबाई म्हणाली. "माह्या हातची गाठ नोहोय हे."

तेच शब्द. विंगेत म्हणाली होती तेच. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पण तिची नजर माझ्याकडे नव्हती, चहाच्या कपाकडे होती. मी चहा उभ्याने प्याले आणि निघाले.

फाटकातून एकदा मागे बघितलं. बाजेची एक दोरी सुटून लोंबत होती. तिने ती हातात घेतली होती आणि बोटांनी माझी गाठ मारून बघत होती. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने जुन्या सवयीने दोरीचं टोक तोंडाकडे नेलं, हिरड्यांत धरलं, आणि ते घसरून मांडीवर पडलं.

परत जाऊन दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. एसटी यायची होती. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले.